टोकियोच्या गल्लीतले चिनी हॉटेल

दारावर नोरेन म्हणजे आखूड कापडी पडदा, आत सात-आठ स्टुले मांडलेला लांब ओटा, ओट्यापलीकडे कढई परतणारे आजोबा आणि ताटे-बिले सांभाळणाऱ्या आजी. जपानी शहरांत अशा हॉटेलाला ‘माची चूका’ म्हणतात. माची म्हणजे वस्ती, चूका म्हणजे चिनी. वाडगाभर रामेन (रश्शातल्या शेवया) आणि बशीभर ग्योझा (पारीत सारण भरलेले तुकडे) इथे हजार येनच्या आसपास मिळतात. चोखंदळ खवय्ये मात्र नाक मुरडतात: हे ना धड चिनी, ना धड जपानी. मला हा निकष मान्य नाही. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो रोज कोणासाठी आणि किती निगुतीने रांधला जातो, यावर त्याचा अस्सलपणा ठरतो. त्या कसोटीवर माची चूकाइतकी अस्सल जपानी संस्था शोधावी लागेल.

१९१० साली ओझाकी कानइची या माजी सीमाशुल्क अधिकाऱ्याने टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे रामेनचे हॉटेल काढले, ते योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून. रश्शाने मात्र लवकरच टोकियोची सोया सॉसची चव उचलली. शेवयांचा सारा गुण ‘कान्सुई’ या क्षारात आहे. तो आपल्या पापडखाराच्याच जातीचा. त्याने मैद्यातले ग्लूटेन आवळले जाते, म्हणून गरम रश्शातही शेवई लवचिक राहते. अंडे न घालता पिवळसर झाक येते तीही त्यामुळेच. पुष्कळ हॉटेले शेवया जवळच्या कारखान्यातून घेतात, मग हातगुण कसला, असे कोणी विचारील. पण शेवई कारखान्याची असली तरी हाडांचा रस्सा तासन् तास उकळणे आणि शेवई नेमक्या क्षणी पाण्याबाहेर काढणे हे हातालाच करावे लागते.

ग्योझाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९३२ मध्ये जपानने मांचुरियात बाहुले राज्य उभारले. १९४५ च्या पराभवानंतर तिथून दहा लाखांहून अधिक जपानी परतले. तांदळाची टंचाई होती, अमेरिकेचा गहू येत होता, आणि परतलेल्यांना ज्याओझी, म्हणजे ग्योझाचे चिनी मूळ रूप, करता येत होते. (आपल्या गाड्यांवरच्या ‘मंचुरियन’चा मांचुरियाशी नावापुरताच संबंध, ग्योझा खरोखर तिथून आला.) उत्तर चीनमध्ये ज्याओझी बहुधा जाड पारीचे आणि उकडलेले. जपानमध्ये पारी पातळ झाली, कोबी आणि लसूण वाढली आणि उकडण्याऐवजी तवा नेहमीचा झाला. मोदकाच्या कळ्यांसारख्या चुण्या घातलेले तुकडे तव्यावर ओळीने मांडायचे, पाणी ओतून झाकायचे, पाणी आटले की बूड खरपूस होऊ द्यायचे. वरची बाजू वाफेवर शिजते, खालची कुरकुरते. ही रीत चीनमध्येही होतीच; जपानने ती नेहमीची केली.

ग्योझाला जपानी म्हणण्यावर खरा आक्षेप चवीचा नाही, इतिहासाचा आहे. जिंकलेल्या मुलखातून आणलेला पदार्थ आपला म्हणायचा हक्क कोणाला? हा प्रश्न टाळता येणार नाही. पण उत्तर ग्योझा नाकारण्यात नाही, त्याचा उगम सांगण्यात आहे. ‘चूका’ हा शब्द पाटीवर कायम ठेवून ही हॉटेले निदान ऋण लपवत नाहीत. मिठाचा आक्षेपही खरा आहे; रश्शात मीठ भरपूर असते, पण तो वाडगा रिकामा होईपर्यंत पिण्याची सक्ती कोणी करत नाही.

मोठ्या साखळी हॉटेलांत सगळीकडे एकच चव मिळते. माची चूकाची वाढ वेगळी: अनुभवी शागिर्दाला मालक आपलेच नाव लावून वेगळे दुकान काढू देतो. या रीतीला ‘नोरेनवाके’ म्हणतात, म्हणजे पडद्याची वाटणी. आज अडचण अशी की मालक म्हातारे झाले आहेत आणि पुढे चालवायला कोणी नाही, म्हणून एकेक दुकान बंद पडते आहे. टोकियोला जाणाऱ्याने एक जेवण तरी अशा ओट्यावर घ्यावे. ग्योझाच्या सारणात बहुधा डुकराचे मांस असते, तेव्हा न खाणाऱ्यांनी बसण्याआधी विचारावे.