परसांतील रोमा टोमॅटो

टोमॅटोचा भाव किती लहरी आहे, हें आपल्या विद्यार्थ्यांच्या मातांस सांगावयास नको. एका महिन्यांत टोपलीभर मिळतात, तर दुसऱ्यांत चार फळें घेतांना हात आखडतो. स्वस्ताईच्या दिवसांत रस आटवून बरणींत भरावा, हा उपाय कोणासहि सुचेल. परंतु गोल, रसाळ फळें आटवूं लागलें म्हणजे जळण संपतें आणि हातीं वाटीभर गोळा येतो. या कामास योग्य अशी रोमा नांवाची जात आहे, व ती कुंडींतहि होते.

नांव रोमचें असलें तरी ती इटलींत जन्मली नाहीं. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिल येथें ती तयार करून १९५५ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या पूर्वजांत नेपल्सजवळची सान मार्झानो ही लांबट जात आहे. तेव्हां नांव अगदींच खोटें नव्हे. फळ लांबोडकें, गर जाड, बिया व पाणी थोडें. कोशिंबिरींत तें मला रुचत नाहीं. सारास व चटणीस मात्र त्यासारखें दुसरें नाहीं.

साधारण टोमॅटोचा शेंडा एकसारखा वाढतच राहतो. १९१४ सालीं फ्लॉरिडांत एक निराळें झाड आपोआप उत्पन्न झालें. त्याच्या फांद्या थोडे घोस येतांच फुलांतच संपत. रोमा याच वळणाची आहे. ती तीन-चार फूट वाढून थांबते, आणि तिचीं बहुतेक फळें थोड्याच दिवसांच्या अंतरानें पिकतात. आटवणाऱ्यास हेंच हवें असतें.

हा स्वभाव न ओळखल्यामुळें माझें पहिलें वर्ष फुकट गेलें. एका पुस्तकांत वाचून मीं पानांच्या बगलेंतील फुटवे खुडून टाकले. उंच जातीस तें मानवतें. येथें त्याच फुटव्यांवर फळें यावयाचीं होतीं. शाळेच्या चार कुंड्यांत मिळून नऊ फळें आलीं! त्यांतहि कित्येकांचीं बुडें काळीं पडलीं. कीड समजून मीं औषध फवारलें. गुण आला नाहीं, कारण ती कीड नव्हतीच. फळास लागणारें कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतें. झाड दोन दिवस कोरडें व तिसऱ्या दिवशीं चिखलांत, असें झालें कीं तें फळाच्या टोकापर्यंत पोंचत नाहीं आणि तेथील गर मरतो. शनिवार-रविवारीं कुंड्यांस पाणी घालावयास कोणी नसे, हें फार उशिरां ध्यानांत आलें.

आपल्याकडे सप्टेंबरच्या अखेरीस बीं पेरावें. उन्हाळ्यांत रात्री उबदार झाल्या कीं पराग निकामी होऊन फुलें गळतात. सुमारें चार आठवड्यांनीं, रोप वीतभर झालें म्हणजे, खालचीं पानें काढून खोडाचा कांहीं भाग मातींत जाईल असें तें पंधरा इंच खोल कुंडींत लावावें. पुरलेल्या खोडासहि मुळें फुटतात. आधारास एक काठी पुरे. मातीवर वाळलेला पाला पसरावा, पाणी बेताचें पण नेमानें द्यावें, आणि फुटव्यांस हात लावूं नये. लावणीपासून अडीच महिन्यांच्या सुमारास फळें लाल होऊं लागतात.

रोमा संकरित नाहीं, व टोमॅटोचें फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें. म्हणून घरीं राखलेलें बीं फसवीत नाहीं. पक्व फळांतील बीं गरासह थोड्या पाण्यांत दोन-तीन दिवस आंबूं द्यावें, धुवावें व सावलींत वाळवावें. यंदाचें बीं मीं पुड्या बांधून ठेवलें आहे. ज्यास हवें असेल त्यानें शनिवारीं सकाळीं मागून न्यावें. मात्र शनिवार-रविवारीं पाणी कोण घालणार, हें आधीं घरीं ठरवून यावें.