वक्त्यांचा परिचय : पदांची यादी की वाटचालीचा हिशेब?

एप्रिल महिना जवळ आला की वस्तीवस्तीत पावतीपुस्तके फिरू लागतात, मंडपवाल्याला बयाणा दिला जातो आणि व्याख्यानमालेला कोणाला बोलवायचे यावर विहारात रात्री उशिरापर्यंत बैठका रंगतात. या धामधुमीत आमच्याकडे गेली अनेक वर्षे एक काम ठरलेले आहे. ऑफिस सुटल्यावर वक्त्यांचा परिचय लिहून काढायचा आणि सभेत वाचून दाखवायचा. कारकुनी पेशामुळे अक्षर बरे, एवढीच आमची पात्रता!

आमचा परिचय नेहमी एकाच साच्यातला असे. पदव्या, पदे, पुरस्कार, परदेश दौरे आणि शेवटी टाळ्या. एका वर्षी उद्योग-व्यवसायात नाव मिळविलेले एक वक्ते आले होते. भाषण संपल्यावर मागे आयाबायांत बसलेली बारावी कॉमर्सची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तुमची पहिली नोकरी कोणती? आणि ती का सोडली?" स्टेजवर चुळबूळ झाली. आम्हालाही प्रश्न पोरकट वाटला. पण वक्त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगू लागले. हिशेबनीस म्हणून केलेली सुरुवात, पहिले कर्ज, बुडालेली उधारी, त्या दोन वर्षांत पत्नीने शिवणकाम करून चालविलेले घर. तासभर कोणी जागचे हलले नाही. आम्ही वाचलेल्या परिचयात मात्र यातले एक अक्षरही नव्हते!

वाचक बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांचा परिचय करून देतानाही आपण हेच करतो. घटनेचे शिल्पकार, पहिले कायदेमंत्री, एवढे म्हणून थांबतो. परंतु १९१७ साली बडोद्याची नोकरी अस्पृश्यतेच्या जाचामुळे सोडावी लागल्यावर त्यांनी शिकवण्या घेतल्या, शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला आणि जात कळताच गिऱ्हाईक आटले, हे किती मुलांना ठाऊक आहे? पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९२३ पासून बॅरिस्टर म्हणून वकिली करू लागले. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. आम्ही बी.कॉम.ला हाच विषय घोकला. पण बाबासाहेबांनी तो पोटासाठी शिकविला होता हे आम्हाला फार उशिरा कळले. तेव्हा कळते तर तो घोकताना उमेद वाढली असती.

आजच्या वक्त्यांचेही तसेच. वडाळ्याला वाढलेले डॉ. नरेंद्र जाधव यांना लोक 'आमचा बाप आन् आम्ही' या पुस्तकामुळे ओळखतात. पण पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, नियोजन मंडळाचे सदस्य आणि २०१६ ते २०२२ राज्यसभेचे सदस्य होण्याआधी सुमारे तीन दशके ते रिझर्व्ह बँकेत होते. अर्थशास्त्र शिकून काय होता येते, याचे उत्तर त्या तीन दशकांत आहे.

कल्पनाताई सरोज यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, हे सगळे सांगतात. अकोला जिल्ह्यातील पोलिसाची ही मुलगी. बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, मग मुंबईत कपड्यांच्या कारखान्यात मजुरी. सरकारी योजनेतून पन्नास हजारांचे कर्ज घेऊन त्यांनी धंदा उभा केला. पुढे कर्जात आणि कोर्टकज्ज्यात रुतलेली कमानी ट्यूब्ज हाती घेतली आणि २००६ साली तिच्या अध्यक्षा झाल्या. आमच्या माताभगिनींना पद्मश्रीपेक्षा त्या पन्नास हजारांची हकिगत अधिक उपयोगी आहे. अर्ज कोठे केला? हप्ता कसा फेडला?

सांगली जिल्ह्यातील पेड गावचे अशोक खाडे यांचे वडील मुंबईत चित्रा टॉकीजजवळ चपला शिवीत. मुलाने माझगाव डॉकमध्ये काम शिकता शिकता नकाशे काढण्यात हात बसविला. त्यानंतर दत्ता, अशोक, सुरेश या तिघा भावांच्या नावांवरून 'दास ऑफशोअर' ही कंपनी निघाली. समुद्रातील तेलविहिरींवरच्या फलाटांची कामे तिने केली. नोकरीत शिकलेले कसबच धंद्याचे भांडवल ठरले, हे येथे लक्षात घ्यावे.

हे सारे आम्ही का मांडतो? आपल्या पिढीला सरकारी नोकरीने तारले. आम्ही स्वतः त्याच भाकरीवर घर चालविले. आज अनेक कचेऱ्यांत शिपायापासून टायपिस्टपर्यंत माणसे ठेकेदारामार्फत घेतली जातात. तेथे आरक्षण शोधूनही सापडत नाही. पदवी हातात असलेली मुले नाक्यावर उभी राहून दुसरी वाट विचारीत आहेत. अशा मुलांसमोर पदांची यादी वाचली तर त्यांना शिखर तेवढे दिसते. पहिली पायरी कोणी दाखवीत नाही आणि "ती माणसेच वेगळी" असे म्हणत ती घरी जातात.

म्हणून आमच्या मंडळाने आता एक साधी रीत पाडली आहे. निमंत्रणाच्या पत्रासोबत वक्त्यांना पाच प्रश्न पाठवायचे. पहिली कमाई कोणत्या कामाची? भांडवल किंवा शिक्षणाचा खर्च कोठून आला? कोठे आपटलात? घरात कोणी साथ दिली? हे काम शिकायचे तर आज कोणाकडे जावे? उत्तरांवरून पाच मिनिटांचा परिचय लिहायचा. पदे शेवटच्या दोन ओळींत. वक्त्या महिला असतील तर "अमक्यांच्या पत्नी" अशी सुरुवात करायची नाही, हाही नियम केला आहे.

हे पाच प्रश्न त्याच मुलीने लिहून दिले. आता ती एका दुकानदाराचे हिशेब सांभाळते आणि रात्री पुढची परीक्षा देण्यासाठी अभ्यास करते. यंदाचा परिचय तिनेच वाचावा, असे आम्ही बैठकीत सुचविले आहे. आपापल्या वस्तीत समाजबांधवांनीही हे करून पाहावे, ही नम्र विनंती.