आकड्यांचे गट आणि गटाबाहेरची माणसे

दिवाळीच्या सुट्टीत निवासी शाळेतील मुलांना गावी पाठविण्यासाठी आम्ही शिक्षक खोपटच्या एस. टी. स्थानकात जातो, तेव्हा गणिताचा एक धडा तेथेच मिळतो. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यांनी मोजले जाते. पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट, तर वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठास प्रवास विनामूल्य. रस्ता सलग असतो, वयही सलग वाढते. त्यांवर रेषा आखतो तो माणूस. सलग आकड्यांवर अशा रेषा आखून गट पाडणे, हेच काम आज संगणक क्षणार्धात करतो. आपले अनेक माजी विद्यार्थी कार्यालयांतून ते रोज करीत असतील. म्हणूनच त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

शाळेचे गुणपत्रक एक्सेलमध्ये आहे असे समजू. पिव्होट टेबलमध्ये गुणांचा स्तंभ ओळींच्या जागी ठेवावा, ‘ग्रुप’ हा पर्याय निवडावा आणि तीन आकडे द्यावेत : सुरुवात, शेवट व गटाचे अंतर. शून्य, शंभर आणि दहा असे दिले की शेकडो गुणांचे मोजके गट होतात व प्रत्येकात किती मुले आहेत ते दिसते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. तीस ते एकोणचाळीस या गटात ३४ गुणांचा अनुत्तीर्ण मुलगा आणि ३५ गुणांची उत्तीर्ण मुलगी एकत्र बसतात. ज्याला एका गुणासाठी हात द्यायला हवा, तोच दिसेनासा होतो. अंतर पाचाचे ठेवले की तो पुन्हा दिसतो. दहावीच्या श्रेणींच्या सीमा ३५, ४५, ६० आणि ७५ टक्के अशा असमान आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक श्रेणीची खालची सीमा चढत्या क्रमाने लिहून ‘व्हीलुकअप’ सूत्राने, अंदाजे जुळणीचा पर्याय ठेवून, श्रेणी शोधावी. सीमेवरचा आकडा कोणाचा, हेही तपासावे. पिव्होट टेबलमध्ये ४० गुण चाळीसपासून सुरू होणाऱ्या गटात जातात. ‘फ्रिक्वेन्सी’ सूत्र मात्र दिलेल्या आकड्यास वरची सीमा मानते, त्यामुळे तेथे ते खालच्या गटात मोजले जातात.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या संदर्भात एक जुने उदाहरण आठवते. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जमिनींचे आकारानुसार गट पाडले होते : ८१ टक्के धारणा दहा एकरांहून लहान आणि ६० टक्के पाच एकरांहूनही लहान. सरासरीने जे झाकले असते, ते गटांनी उघड केले. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतधारणा व त्यांवरील उपाय या विषयावर निबंध लिहिला. आकडे त्यांनी नाकारले नाहीत. केवळ एकरांची रेषा आखून शेती किफायतशीर की तोट्याची हे ठरविण्यास मात्र त्यांनी आक्षेप घेतला. जमिनीला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती, यावर ते ठरते. शेतीवर रिकाम्या बसलेल्या हातांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. गट हा प्रश्नाचा आरंभ आहे, उत्तर नव्हे, ही दृष्टी बाबासाहेबांनी दिली.

आजच्या कृषिगणनेत एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला सीमांत, एक ते दोन हेक्टरचा अल्पभूधारक, असे चढत्या क्रमाने दहा हेक्टर व त्यावरील मोठ्या धारणांपर्यंत गट असतात. ज्याच्या कसण्यात जमीनच नाही, त्या शेतमजुराला या तक्त्यात रकाना नाही. आपल्या समाजातील किती घरांतील आजोबा-आजी अशा रकान्याबाहेर जगले, हे वाचकांना सांगायला नको.

गुणपत्रकातही असा एक जण असतो. परीक्षेला न आलेल्या मुलाच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शब्द लिहिलेला असतो. संख्यांच्या स्तंभात शब्द आला की पिव्होट टेबल गट पाडण्यास नकार देते. घाईत असलेला माणूस ती ओळच पुसून टाकतो, किंवा तेथे शून्य भरतो. पहिल्या मार्गाने मूल नाहीसे होते. दुसऱ्याने न आलेले मूल नापास ठरते. योग्य मार्ग असा की गैरहजेरीसाठी निराळा स्तंभ करावा, त्या मुलांची संख्या तक्त्याखाली स्वतंत्र लिहावी आणि सर्व गटांची बेरीज, गैरहजर धरून, वर्गाच्या पटाशी जुळते का ते पाहावे.

एखादी गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले. संगणकाने दिलेल्या तक्त्यालाही तोच नियम लावावा. कोणताही तक्ता हाती आला की दोन प्रश्न विचारावेत : रेषेच्या अगदी काठावर कोण उभा आहे? आणि तक्त्याच्या बाहेर कोण राहिले? आमच्या विद्यार्थ्यांनी हे दोन प्रश्न आपापल्या कार्यालयांत नेले, तर येथील शिक्षणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जय भीम.