पडद्यावरचे असुर (भाग ६) : लिलिथचा काडीमोड

यहुदी परंपरेतील असुरगणात लिलिथचे स्थान थोडे अडचणीचे आहे, कारण तिच्याविषयीचा शास्त्राधार तुटपुंजा असून लोकश्रद्धा मात्र उदंड आहे. हिब्रू बायबलमध्ये तिचा उल्लेख एकदाच, यशया ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात, एदोमच्या उजाड झालेल्या भूमीत वस्तीला येणाऱ्या रानटी प्राण्यांच्या यादीत येतो आणि तेथेही ती प्राणी आहे की पिशाच्च, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तालमूद, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या चर्चांचा आणि निर्णयांचा प्रचंड संग्रह, तिला लांब केस आणि पंख देतो आणि घरात एकट्याने झोपणाऱ्या पुरुषाला ती झपाटते असा इशारा देऊन थांबतो. गेल्या काही भागांत पाहिलेल्या असुरांप्रमाणे तिच्यामागे पाडाव झालेल्या एखाद्या परक्या दैवताचा सरळ इतिहासही सापडत नाही. तरीही ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीने ६ जून २०२३ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘डायाब्लो ४’ या गेमची सारी कथा तिच्याभोवती गुंफली गेली.

लिलिथला लोक प्रत्यक्षात कसे ओळखत होते याचा सर्वांत बोलका पुरावा ग्रंथांत नसून मातीच्या भांड्यांत आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने १८८०च्या दशकाच्या अखेरीस इराकमधील निप्पूर येथे उत्खनन सुरू केले, तेव्हा जुन्या घरांच्या जमिनीत उपडे पुरलेले साधे मातीचे वाडगे हाती लागले आणि जेम्स माँटगोमेरी या अभ्यासकाने त्यांवरील लेख १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. साधारणपणे पाचव्या ते आठव्या शतकांतील या वाडग्यांच्या आतल्या बाजूस शाईने लिहिलेला अरामी मजकूर गोलाकार फिरत जातो आणि काहींच्या तळाशी विस्कटलेल्या केसांची, हातापायांत साखळदंड असलेली एक ओबडधोबड आकृती काढलेली असते. ज्याच्यासाठी वाडगा लिहिला त्याचे नाव बापाच्या नव्हे तर आईच्या नावासह दिलेले असते, आणि त्यानंतर येते ते खास यहुदी कायद्याच्या भाषेतले घटस्फोटपत्र. या पत्राला ‘गेट’ म्हणतात आणि धर्मशास्त्राप्रमाणे ते पत्नीच्या हाती पडल्याशिवाय काडीमोड पुरा होत नाही. वाडग्यांवर हेच पत्र लिलिथला दिलेले आहे : तिने आपला गेट घ्यावा, या घरावरचा आणि घरातल्या माणसांवरचा हक्क सोडावा आणि निघून जावे. काही लेखांत येहोशुआ बर पेराह्या या जुन्या धर्मपंडिताच्या नावाने ही फारकत जाहीर केली आहे, जणू तिने न्यायालयाच्या अधिकारावर आक्षेप घेऊ नये म्हणून. भुताला बडवून काढण्याऐवजी त्याच्यावर कागद बजावण्याची ही रीत मोठी सुसंस्कृत म्हटली पाहिजे.

आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान रचल्या गेलेल्या ‘बेन सिराची वर्णमाला’ या काहीशा चावट आणि उपहासगर्भ पुस्तकात लिलिथला प्रथमच पुरी कहाणी मिळाली. आदामाच्याच मातीपासून घडवलेली ती त्याची पहिली पत्नी असून समानतेच्या हट्टावरून तिचे त्याच्याशी बिनसते, ती ईश्वराचे गुप्त नाव उच्चारून आकाशात उडून जाते आणि तिला परत आणण्यासाठी निघालेले सनोय, सनसनोय आणि समनगलोफ हे तीन देवदूत तिला समुद्रात गाठतात. परतायला ती साफ नकार देते. नवजात मुलग्यांवर आठ दिवस आणि मुलींवर वीस दिवस आपली सत्ता चालेल असे ती बजावते, मात्र ज्या ताइतावर या तिघांची नावे किंवा आकृती दिसतील त्या बाळाला हात लावणार नाही अशी शपथही घेते, आणि परत न येण्याची किंमत म्हणून तिची स्वतःची शंभर पिल्ले रोज मरतील हे मान्य करते. बाळंतिणीच्या खोलीत या तीन नावांचे ताईत टांगण्याची प्रथा पुढे यहुदी समाजांत दूरवर पसरली. वाडगा असो वा ताईत, दोन्हींत लिलिथ ही नष्ट करण्याची वस्तू नाही. ती अटींनी बांधता येणारी आणि स्वतः दिलेला शब्द पाळणारी प्रतिपक्षी आहे. हाच धागा गेममध्ये तुटतो.

मधल्या काळात तिचा चेहराही बदलला. गटेच्या ‘फाउस्ट’मध्ये ती केसांच्या मोहजालाने तरुणांना अडकवणारी म्हणून क्षणभर दिसते, एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकार रोझेटी तिला आरशासमोर केस विंचरत बसवतो, आणि १९७२ मध्ये ज्युडिथ प्लास्को या धर्मचिंतक लेखिकेने जुनी कथा स्त्रीच्या बाजूने नव्याने सांगितल्यानंतर, १९७६ पासून निघू लागलेल्या एका अमेरिकी यहुदी स्त्रीवादी नियतकालिकाने तिचेच नाव धारण केले. अर्भकांची वैरीण अशा रीतीने बंडखोर स्त्री झाली होती, आणि गेमच्या लेखकांपुढे लिलिथ आली ती या दोन्ही रूपांत.

‘डायाब्लो ४’मधील लिलिथ ही मेफिस्टो या द्वेषाच्या अधिपतीची कन्या आहे. मेफिस्टोचे नाव जर्मन फाउस्ट-कथेतून आलेले असल्याने निप्पूरच्या मांत्रिकांना हे पितृत्व ऐकून नवल वाटले असते. आदामाला कथेतून पुरते वगळून त्याच्या जागी इनॅरियस हा बंडखोर देवदूत आणला आहे. स्वर्ग आणि नरक यांच्या अखंड युद्धाला विटलेले हे दोघे ‘सँक्च्युअरी’ नावाचे जग गुपचूप निर्माण करतात, आणि देवदूत व असुर यांच्या मीलनातून ‘नेफालेम’ ही प्रजा जन्मते, जिचे दुबळे झालेले वंशज म्हणजे माणसे. उत्पत्ति ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात देवपुत्र आणि मानवकन्या यांच्या संबंधांसोबत ‘नेफिलीम’ या महाकाय पुरुषांचा उल्लेख येतो. गेमने तेथून सूत्र उचलले, पण त्यातून मानवी स्त्रीला काढून टाकले. या प्रजेला संपवावे असा विचार सहकारी बंडखोरांत सुरू होताच लिलिथ त्या सर्वांची कत्तल करते, आणि हादरलेला इनॅरियस तिला शून्यात हद्दपार करतो. मुले मारणारी परंपरेतील लिलिथ येथे मुलांसाठी मारणारी झाली, हा उलटफेर निश्चितच कल्पक आहे. पण बेन सिराच्या कथेत ती स्वतःहून निघून जाते, तर येथे तिला घालवून दिले जाते, आणि या बाबतीत हजार वर्षांपूर्वीची ती चावट कथा नव्या गेमपेक्षा धीट ठरते.

गेमचा आरंभ नेव्हेस्क या बर्फाळ डोंगरातील खेड्यात होतो, जेथे आश्रय मागणाऱ्या नायकाला गावकरी गुंगीचे औषध देऊन लिलिथच्या रक्तातून उगवलेल्या पाकळ्या चारतात आणि त्यामुळे तिची पूर्वकृत्ये त्याला दिसू लागतात. त्याच गावात पापावर प्रवचन झोडणाऱ्या धर्मगुरूचा त्याच्याच श्रोत्यांनी जीव घेतलेला असतो, कारण लिलिथने त्यांच्या मनातील दडपलेले विकार फक्त मोकळे केले. पडद्यावरील तिचे भव्य, वळणदार शिंगांचे रूप यहुदी ग्रंथांतील नव्हे. शिंगे ही ख्रिस्ती चित्रकलेतील सैतानाची देणगी आहे. तिचे बोलणे मात्र संयत आणि युक्तिवादाचे आहे : नरकाचे अधिपती माणसांवर चालून येणार आहेत, म्हणून मेफिस्टोची शक्ती गिळून आपण आपल्या लेकरांचे सैन्य उभारणार. या युक्तिवादाला खेळणाऱ्याने होकार द्यावा अशी सोय मात्र गेममध्ये नाही. खुद्द मेफिस्टो रक्ताळलेल्या लांडग्याच्या रूपात नायकाला वाट दाखवत असूनही कथा लिलिथच्या वधाकडेच जाते, कारण या प्रकारच्या गेमची रचना शत्रूला मारून शस्त्रे आणि बळ मिळवण्यावर उभी आहे आणि तिच्यात तहाचे कलम बसत नाही. परिणामी नैतिक संदिग्धता मधल्या चित्रफितींपुरती उरते आणि खेळ सुरू झाला की तलवारच बोलते.

ताइताचेही असेच उलटे झाले आहे. गेमच्या विस्तीर्ण नकाशावर लिलिथच्या मूर्ती दडवलेल्या असून (आरंभी त्यांची संख्या १६० होती) प्रत्येकीला स्पर्श करताच खेळणाऱ्याचे बळ कायमचे वाढते, त्यामुळे एके काळी जिच्यापासून घर राखायचे तिच्याच मूर्ती हुडकत लोक हिंडतात. मुख्य कथा संपल्यावर ‘लिलिथचा प्रतिध्वनी’ या नावाने ती पुन्हा उभी राहते, आणि गेममध्ये ‘बॉस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रबळ शत्रूंपैकी ही सर्वांत कठीण कसोटी मानली गेली. व्यापारालाही असुरांचे वावडे नव्हते. पहिल्या पाच दिवसांत ६६ कोटी ६० लाख डॉलरची विक्री झाल्याचे कंपनीने जाहीर केले, तेव्हा बायबलमधील श्वापदाचा ६६६ हा आकडा योगायोगानेच जुळला असेल यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नसावा.

कथेच्या शेवटी मरताना लिलिथ बजावते की तिच्यावाचून माणसे नरकापुढे टिकणार नाहीत, आणि नेयरेल ही तरुण मुलगी मेफिस्टोला एका स्फटिकात कोंडून एकटीच निघून जाते. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेल्या ‘व्हेसल ऑफ हेट्रेड’ या विस्तारात तो स्फटिक नेयरेलला आतून पोखरतो आणि अखेरीस मेफिस्टो नवा देह मिळवून मोकळा होतो. लिलिथचा युक्तिवाद गेमने अशा रीतीने मान्य केला, पण तिला मारून झाल्यावर.

(पुढील भागात : अझाझेल)