दूरसंचार आणि संगणकजाळे : व्यवसायाची पहिली पायरी

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइल दूरध्वनीवरून संभाषण केले. भारतातील तो पहिला मोबाइल संवाद होय. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. पुढे गल्लोगल्लीचे एसटीडी बूथ ओस पडले आणि २०१३ मध्ये तारसेवाही बंद झाली. या क्षेत्रात जुनी कामे जातात, तशी नवी निर्माणही होतात.

मोबाइलवरील संदेश हवेतून जातो, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. संचापासून मनोऱ्यापर्यंतचा प्रवास तेवढा हवेतून होतो. पुढील बराचसा मार्ग प्रकाशतंतूंचा असतो. हा काचेचा तंतू अवघा १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा जाड असतो. लांब पल्ल्याच्या तंतूत प्रकाश वाहून नेणारा गाभा तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. रस्ता खणताना केबल तुटली, की तंत्रज्ञ तंतूवरील आवरण सोलतो, तो अल्कोहोलने पुसतो, टोक काटकोनात कापतो आणि दोन्ही टोके यंत्रात समोरासमोर बसवतो. यंत्र विजेच्या ठिणगीने ती वितळवून एकजीव करते. टोक तिरपे कापले गेले किंवा धुळीचा कण राहिला, तर सांध्यापाशी प्रकाश वाया जातो. सांधा यंत्राचा खरा, पण टोकाची तयारी हाताचीच. कापलेले काचेचे तुकडे सहज दिसत नाहीत आणि बोटात शिरतात. म्हणून ते डबीत जमा करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

कार्यालयातील जाळ्याचे काम निराळे. तेथे तांब्याच्या केबलमधील आठ तारा ठरलेल्या रंगक्रमाने बसवाव्या लागतात आणि एका केबलची लांबी साधारणपणे १०० मीटरपुढे नेता येत नाही. बिघाड शोधताना अनुभवी तंत्रज्ञ आधी केबल पाहतो, मग स्विच, मग संगणकाचा आयपी पत्ता. नवशिका नेमका उलट क्रमाने जातो आणि तासभर घालवतो.

या कामासाठी पदवी हवीच असे नाही. मुक्त विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झालेल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करता येतो. त्यानंतर शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे. सिस्को कंपनीच्या सीसीएनए परीक्षेला शैक्षणिक पात्रतेची अट नाही, मात्र ते प्रमाणपत्र तीनच वर्षे वैध असते. राउटरला द्यायच्या आज्ञा इंग्रजीत असतात. त्या भाषेची भीती आधी घालवणे बरे.

‘नोकरीची शंभर टक्के हमी’ देणाऱ्या जाहिराती पुष्कळ आढळतात. कर्ज काढून शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेत सराव करण्याजोगी यंत्रे खरोखर आहेत का, हे स्वतः जाऊन पाहावे. कामही अनेकदा कंत्राटदारामार्फत मिळते. नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधी आणि मनोऱ्यावर चढण्यासाठी सुरक्षापट्टा यांविषयी विचारण्यात संकोच नसावा. पट्ट्याशिवाय मनोऱ्यावर चढण्यास सांगितले, तर नकार द्यावा.