वाऱ्याविरुद्ध वाहणारा प्रवाह

सागरी प्रवाह शिकवताना आपण मुलांना एक नियम सांगतो : खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांलगत थंड प्रवाह विषुववृत्ताकडे वाहतात. पेरू, बेंग्वेला, कॅनरी ही नावे मुलांना पाठ असतात. या किनाऱ्यांवर तळाचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते, म्हणून तेथे मासळी उदंड. ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा मात्र हा नियम मोडतो. पुष्कळ नकाशांत तेथेही थंड प्रवाह दाखवलेला असतो. तो आहे, पण किनाऱ्यापासून दूर. किनाऱ्यालगत वाहतो तो लीउविन हा उबदार प्रवाह, आणि तो जातो दक्षिणेला, समोरून येणाऱ्या वाऱ्याला न जुमानता. नकाशावर ठळक असलेल्या या किनाऱ्यावरच्या प्रवाहाला हे नाव मिळाले ते १९८० मध्ये!

वाऱ्याविरुद्ध पाणी ढकलते कोण? उत्तर हजारो किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात आहे. तेथील व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटत राहतात. त्यामुळे पश्चिम प्रशांताची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. हे पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधल्या वाटांनी हिंदी महासागरात झिरपते. ‘झिरपते’ म्हटले तरी प्रमाण आहे सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर.

त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला समुद्र उबदार आणि किंचित उंच, दक्षिणेला थंड आणि सखल. उतारावरून पाणी दक्षिणेला निघते, पण दक्षिण गोलार्धात पृथ्वीच्या परिवलनामुळे ते डावीकडे, म्हणजे पूर्वेला वळते आणि किनाऱ्यावर अडते. पुढे वाट एकच उरते, ती किनाऱ्याने दक्षिणेकडे. पेरूसमोर असा फुगवटा नाही, म्हणून तेथे वाऱ्याचीच सत्ता चालते.

आता समजा, व्यापारी वारे मंदावले. आपल्या पावसाच्या संदर्भात ज्याचे नाव दर काही वर्षांनी ऐकू येते, तो हा एल निनो. पश्चिम प्रशांतातला फुगवटा ओसरतो. ही घट मंद लाटांच्या रूपाने बेटे ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने दक्षिणेला सरकते आणि लीउविन प्रवाह क्षीण होतो. ला निनाच्या वर्षी वारे जोरात असतात, आणि प्रवाहही. प्रवाह बळावला की किनाऱ्यालगतची पातळी चढते, म्हणून पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरातली भरतीमापकाची नोंद हीच प्रवाहाची नाडी ठरते. ही नोंद १८९७ पासूनची आहे. एका साध्या मोजपट्टीने शतकाहून अधिक काळ प्रशांत महासागराची खबर द्यावी, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

हा खेळ दोन-चार वर्षांपुरताही नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून व्यापारी वारे एकंदरीत दुबळे होते. १९९० नंतर सुमारे दोन दशके ते बळावत गेले आणि लीउविन प्रवाहही जोर धरत गेला. उलट, तापत्या पृथ्वीची संगणकीय प्रतिमाने पुढील काळात हा प्रवाह दुबळा होईल असे सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. दशकांची हेलकावणी आणि शतकाचा कल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वीस-तीस वर्षांच्या नोंदीत पहिली दुसरीला सहज झाकून टाकते.

किनाऱ्यावरच्या माणसांना हे फरक थेट जाणवतात. तेथला मोलाचा धंदा शेवंडांचा. शेवंडाचे डिंभ ९ ते ११ महिने खुल्या समुद्रात तरंगतात आणि मग किनाऱ्याला येतात. जोरकस प्रवाहाच्या वर्षी ते अधिक संख्येने परततात, असे अनेक वर्षे दिसत होते. किनाऱ्याला आलेली पिल्ले मोजली की तीन-चार वर्षांनंतरच्या पकडीचा अंदाज बांधता येई. पण २००८-०९ मध्ये प्रवाह जोरात असूनही पिल्ले फारच थोडी आली. नियम चुकला, पण मोजणी चुकली नव्हती. तिच्या आधारे मासेमारी वेळीच आवळता आली.

२०१०-११ ची ला निना प्रबळ होती. २०११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लीउविनने इतके उष्ण पाणी दक्षिणेला आणले, की समुद्राचे तापमान नेहमीपेक्षा काही ठिकाणी ५ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. प्रवाळ फिके पडले, मासे मेले. कालबारीच्या दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यातली केल्प या मोठ्या तपकिरी शैवलाची राने नाहीशी झाली. त्यांच्या जागी खुरट्या शैवलांचा गालिचा पसरला. पुढे पाणी निवले, तरी राने परतली नाहीत, कारण उबदार पाण्याबरोबर उत्तरेकडून आलेले शाकाहारी मासे केल्पचे कोवळे अंकुर खाऊन टाकत होते.