वाणाचे नाव आणि वाणाची नोंद

कुरखेडा तालुक्यातील शेतकऱ्यास त्याच्या धानाविषयी विचारले असता तो प्रथम ते 'हलके' की 'भारी' हे सांगतो आणि मग वाणाचे नाव घेतो. पहिल्या शब्दात पिकाच्या मुदतीचे ज्ञान साठविलेले आहे. हलके धान लवकर हाती येते, म्हणून ते उंचावरील बांधीस. भारी धान उशिरा पिकते, म्हणून ते पाणी धरून ठेवणाऱ्या सखल बांधीस. दुसऱ्या शब्दात, म्हणजे वाणाच्या नावात, काय साठविलेले असते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय. तो भाषाशास्त्राइतकाच कृषिसंशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्याशीही निगडित आहे.

या सहकार्याचे सुपरिचित फळ म्हणजे 'आयआर ८' हा भात. फिलिपीन्समध्ये १९६० साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेने तो १९६६ मध्ये प्रसृत केला. इंडोनेशियातील 'पेटा' आणि तैवानमधील 'डी-जिओ-वू-जेन' यांचा हा संकर. चिनी नावाचा अर्थ 'आखूड पायांचा, काळ्या टोकाचा' असा आहे. ज्या ठेंगणेपणासाठी संशोधकांनी हा वाण निवडला, तो गुण शेतकऱ्यांनी नावातच नोंदविला होता. 'आयआर ८' या नावात मात्र उरले ते संस्थेची आद्याक्षरे व एक अंक.

याहून जवळचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून बारीक दाण्याचा वाण सिद्ध केला. बाजारात त्यास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले: 'एचएमटी'. या नावात ना दाण्याचा गुण, ना गाव, ना कर्ता. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसृत केला. त्या नावात विद्यापीठाची आद्याक्षरे आली, खोब्रागडे यांचा निर्देश आला नाही. श्रेयाचा वाद त्यातूनच उद्भवला. खोब्रागडे २०१८ मध्ये निवर्तले.

२००१ मध्ये स्वीकृत व २००४ पासून अमलात असलेला वनस्पती-जनुकीय संपत्तीविषयक आंतरराष्ट्रीय करार आपल्या नवव्या कलमात शेतकऱ्यांचे योगदान मान्य करतो. परंतु हक्कांची अंमलबजावणी तो राष्ट्रीय शासनांवर सोपवितो. भारताच्या २००१ च्या कायद्यान्वये शेतकऱ्यास स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. अशा नोंदणीत नाव, स्थळ आणि सांगणारा यांची साक्षही महत्त्वाची असते.

येथेच भाषाभ्यासकाचे काम सुरू होते. कुरखेडा परिसरात मराठी, गोंडी, हलबी व छत्तीसगढी या भाषा नांदतात. अशा प्रदेशात एकाच वाणास दोन नावे असणे किंवा एकाच नावाखाली दोन वाण असणे सहज संभवते. पहिल्या प्रकारात बीजपेढीत एकच बियाणे दोनदा साठविले जाते. दुसऱ्या प्रकारात एक वाण नोंदीअभावी नाहीसा होतो. नाव केवळ रोमन लिपीत उतरविल्यास 'ल' आणि 'ळ' यांतील भेदही लोपतो. म्हणून नमुन्याबरोबर नावाचा उच्चार, भाषा, अर्थ व (संमती असल्यास) निवेदकाचे नाव टिपले जावे. बियाणे कोठेही गेले तरी उगवते. त्याचा कर्ता मात्र नोंदीवाचून हरवतो.